निर्गुडी, सालई आणि उणे नऊचा स्कोअर

उन्हाळा तोंडावर आला की एमएस्सी आणि बी. फार्मच्या प्रोजेक्टच्या फायली सह्यांसाठी फिरू लागतात. त्यातल्या बऱ्याच फायलींचा शेवट एकाच वाक्यावर होतो: अमुक झाडातल्या तमुक रेणूचा कॉक्स-२ या दाह वाढवणाऱ्या एन्झाइमबरोबरचा डॉकिंग स्कोअर उणे नऊ आला, म्हणून हे झाड दाहशामक आहे. निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून सुजलेल्या गुडघ्यावर बांधणाऱ्या माणसाला या वाक्याची गरज नाही. ज्याला गरज आहे त्या परीक्षकाने ते मान्य करू नये.

डॉकिंग म्हणजे रेणू प्रोटीनच्या खाचेत कसा आणि किती घट्ट बसेल याचा संगणकावरचा अंदाज; स्कोअर जितका जास्त उणे तितकी पकड घट्ट. त्याचं खरं काम त्या वाक्याहून साधं आहे. शुद्ध स्वरूपातला एकेक वनस्पतीजन्य रेणू मिलिग्रॅमच्या भावाने विकत घ्यावा लागतो आणि त्याला हजारो रुपये पडतात. तुमच्या यादीत दोनशे रेणू असतील तर त्यातले कोणते पाच-सात आधी घ्यायचे, एवढं ठरवायला डॉकिंग वापरायचं. तालुक्याच्या कॉलेजात बसून, चार कोअरच्या आणि ८ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर हे होतं. त्यासाठीचं ऑटोडॉक व्हिना (पुढे नुसतं व्हिना) हे सॉफ्टवेअर फुकट आहे, प्रोटीनची फाइल एक-दोन एमबीची असते, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सगळं उतरतं. अडचण मशीनची नसते.

यादीच चुकली तर

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? रेणूंची यादी बहुतेक वेळा जीसी-एमएसच्या, म्हणजे वाफ होणारे रेणू वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्राच्या, रिपोर्टवरून बनते. अर्काची बाटली बाहेरच्या प्रयोगशाळेत जाते, महिनाभराने चाळीस-पन्नास नावांचा तक्ता येतो आणि तो जसाच्या तसा डॉकिंगला लागतो. त्या तक्त्यात फ्थॅलेट असतात, ते प्लास्टिकच्या नळ्या-बाटल्यांमधून आलेले. सिलोक्सेन असतात, ते मशीनच्या कॉलममधून आलेले. डायआयसोऑक्टिल फ्थॅलेटला 'पानातला दाहशामक घटक' म्हणून डॉक केलेले प्रबंध आहेत. शिवाय जीसीमध्ये दिसतात फक्त उडून जाणारे रेणू. निर्गुडीतले अॅग्नुसाइड आणि निगुंडोसाइड हे साखर जोडलेले ग्लायकोसाइड, म्हणजे ज्यांच्यासाठी निर्गुडी घ्यायची तेच, साध्या जीसी-एमएसमध्ये दिसत नाहीत. त्यांना एलसी-एमएस लागतं, जे वाफ न करता द्रावणातलेच रेणू वेगळे करतं.

ते परवडत नसेल तर चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेचा इम्पॅट हा डेटाबेस वापरा. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत ४,०१० भारतीय औषधी वनस्पती आणि १७,९६७ रेणू आहेत, आणि कोणता रेणू झाडाच्या कोणत्या भागातला हेही दिलेलं असतं. हा रकाना वगळू नका. लोक पाला वापरतात आणि आपण मुळातला रेणू डॉक करतो, असं सर्रास होतं. रचनेची त्रिमितीय फाइल तिथून किंवा पबकेम या फुकट रेणूसंग्रहातून घ्या. फाइल मिळाली की दोन गोष्टी तपासायच्या. एक, कायरल केंद्रं (ज्या अणूंभोवतीची मांडणी डावी-उजवी अशी दोन प्रकारची असू शकते) ठरलेली आहेत का. सपाट रचनेवरून ओपन बॅबेल या सॉफ्टवेअरने त्रिमितीय रचना बनवली तर न ठरलेल्या केंद्राला ते मनाने काहीतरी देतं, आणि ट्रायटर्पिनमध्ये अशी आठ-दहा केंद्रं असतात. दोन, ७.४ पीएचला रेणू कसा असेल. बॉस्वेलिक आणि अर्सोलिक आम्लांचा कार्बॉक्सिल गट तेव्हा हायड्रोजन सोडून बसलेला असतो. कर्क्युमिनची पबकेममधली नेहमीची फाइल डायकीटो रूपातली आहे, द्रावणात मात्र ते मुख्यतः ईनॉल रूपात असतं. वायगावच्या हळदीवर काम करणाऱ्यांनी ईनॉल काढून डॉक करावं, नाहीतर मधला सपाट भाग वाकडा होऊन पोझच (रेणू बसण्याची ढबच) बदलते.

ग्लायकोसाइड पोटात गेल्यावर आतड्यातले जिवाणू साखर तोडतात. त्यामुळे रुटिन डॉक केलं तर साखर तुटून उरणारं क्वेर्सेटिनही डॉक करा. यादीत दोन्ही हवेत.

प्रोटीनची फाइल

प्रोटीनच्या रचना पीडीबी या सार्वजनिक संग्रहात चार अक्षरी क्रमांकाने मिळतात. कॉक्स-२ साठी बहुतेक जण ३एलएन१ घेतात. ती चांगली आहे: २.४ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईची आणि आत सेलेकॉक्सिब हे औषध बसलेलं. पण ती उंदराची आहे, माणसाची नाही. प्रबंधात 'ह्यूमन कॉक्स-२' लिहून ३एलएन१ दिलं की जाणकार परीक्षक तिथेच पेन खाली ठेवतो. दुसरी गंमत तिच्यातल्या क्रमांकांची. पेपरांमध्ये ज्याला आर्जिनिन ५१३ म्हणतात ते या फाइलमध्ये ४९९ आहे आणि आर्जिनिन १२० हे १०६ आहे. हे माहीत नसलेला विद्यार्थी 'आमच्या रेणूने नव्याच अमिनो आम्लाला बंध केला' असं लिहून मोकळा होतो. माणसाचं हवं असेल तर ५आयकेआर, त्यात मेफेनॅमिक आम्ल आहे, किंवा ५केआयआर, त्यात रोफेकॉक्सिब आहे.

फाइलमध्ये एकाहून जास्त साखळ्या असतात. कॉक्स-२ मध्ये ए साखळी ठेवून बाकीच्या काढल्या तरी चालतं, कारण प्रत्येक साखळीत आपापलं पूर्ण पॉकेट (रेणू बसायची खाच) आहे. हीच सवय टीएनएफ-अल्फा या दुसऱ्या दाहकारक प्रोटीनच्या २एझेड५ वर नेली की काम संपलं. तिथला अवरोधक (प्रोटीनचं काम थांबवणारा रेणू) दोन साखळ्यांच्या मधल्या फटीत बसतो. एक साखळी काढली की अर्धं पॉकेट गेलं. मग व्हिना रेणूला त्या उघड्या भिंतीवर कुठेतरी चिकटवतं, स्कोअरही देतं, आणि कुणालाच काही खटकत नाही.

पाणी काढा. डिटर्जंटचे आणि साखरेचे तुकडे काढा. हीम (लोह असलेला गट) मात्र सरसकट उडवू नका. कॉक्समध्ये ते टायरोसिन ३८५ च्या बाजूलाच आहे, काढलं तर तिथे रिकामी पोकळी तयार होते आणि लांब रेणू तिच्यात घुसतात. मूळ अवरोधक वेगळ्या फाइलमध्ये सेव्ह करून मगच प्रोटीनमधून काढा. तो पुढे दोनदा लागणार आहे. मग ध्रुवीय हायड्रोजन जोडून पीडीबीक्यूटी ही व्हिनाला लागणारी फाइल बनवा. व्हिनाच्या नेहमीच्या स्कोअरमध्ये आंशिक विद्युतभार धरले जात नाहीत, तेव्हा ते भार गाश्टायगर पद्धतीने काढायचे की कोलमन यावर प्रबंधाचं अर्धं पान खर्च करू नका.

बॉक्स

बॉक्स म्हणजे व्हिनाने रेणू कुठे बसवून बघायचा ती चौकोनी जागा. इथे सगळ्यात जास्त माती होते. पायरेक्स या व्हिना चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'मॅक्सिमाइझ' नावाचं बटण आहे. ते दाबलं की शोधायचा बॉक्स अख्ख्या प्रोटीनभोवती पसरतो. दिसायला छान वाटतं, पण व्हिनाने पॉकेटमध्ये शोधायचं ते प्रोटीनच्या पाठीवर शोधत बसतं. बॉक्सचं घनफळ २७,००० घन अँगस्ट्रॉमच्या वर गेलं की व्हिना स्वतः इशारा छापतं. तो इशारा वाचा.

बॉक्सचं केंद्र काढायचं ते मूळ अवरोधकावरून. त्याच्या सगळ्या अणूंच्या एक्स, वाय, झेड निर्देशांकांची सरासरी स्प्रेडशीटमध्ये दोन मिनिटांत निघते. कॉक्स-२ साठी प्रत्येक बाजू २० ते २४ अँगस्ट्रॉम पुरते. ऑटोडॉक टूल्समध्ये बॉक्स बघून आकडे उचलत असाल तर स्पेसिंगचा रकाना आधी १ करा. तो मुळात ०.३७५ असतो आणि तिथला ६० म्हणजे ६० बिंदू, म्हणजे २२.५ अँगस्ट्रॉम. तोच ६० व्हिनाच्या फाइलमध्ये लिहिला तर तो ६० अँगस्ट्रॉम होतो, म्हणजे घनफळ एकोणीस पट.

आता मूळ अवरोधक परत त्याच पॉकेटमध्ये डॉक करा. त्याची सुरुवातीची रचना नव्याने बनवून घ्या, क्रिस्टलमधली तशीच देऊ नका. मिळालेली पोझ क्रिस्टलमधल्या पोझशी जुळवून आरएमएसडी (दोन पोझमधल्या अणूंचं सरासरी अंतर) २ अँगस्ट्रॉमच्या आत आला तर पुढे जा. हा आरएमएसडी व्हिनाच्या तक्त्यात नसतो. तक्त्यात स्कोअरशेजारी जे दोन रकाने असतात ते व्हिनाच्याच पहिल्या पोझपासूनचं अंतर सांगतात, म्हणून पहिल्या ओळीत ते नेहमी ०.००० असतं. ते शून्य 'व्हॅलिडेशन' म्हणून छापलेलं मी इतक्यांदा पाहिलंय की आता राग येत नाही. खरा आरएमएसडी काढायला ओपन बॅबेलबरोबर येणारं ओबीआरएमएस वापरा, ते रेणूची सममितीही लक्षात घेतं.

जमलं तर अजून एक कसोटी लावा. डीयूडी-ई या संग्रहात कॉक्स-२ चे माहीत असलेले अवरोधक आणि डेकॉय, म्हणजे वजनासारखे गुणधर्म त्यांच्यासारखेच पण रचना वेगळी असलेले बनावट रेणू, दिलेले आहेत. वीस खरे आणि काही शे डेकॉय घ्या, रात्रभर चालवा आणि खरे वर येतात का बघा. ते यादीभर विखुरले असतील तर तुमची मांडणी खरं-खोटं ओळखत नाही, मग निर्गुडीच्या रेणूंचा क्रम तरी कशाच्या जोरावर मानायचा?

तुलनेला डायक्लोफिनॅक ठेवत असाल तर एक लक्षात ठेवा. कॉक्स-२ मध्ये ते उलटं बसतं. त्याचा कार्बॉक्सिल गट आर्जिनिन १२० कडे नसून वर टायरोसिन ३८५ आणि सेरीन ५३० कडे असतो. पोझ उलटी दिसली म्हणून चुकीची समजू नका.

चालवताना

एक्झॉस्टिव्हनेस (व्हिनाने किती कसून शोधायचं तो आकडा) मुळात ८ असतं. पहिल्या चाळणीला ते ठीक. वरचे वीस रेणू निवडले की त्यांना ३२ वर पुन्हा चालवा, वेळ साधारण चौपट लागेल. सीड (शोधाची सुरुवात ठरवणारा यादृच्छिक आकडा) लिहून ठेवा आणि वेगवेगळ्या सीडने निदान तीनदा चालवा. तिन्ही वेळा पोझ वेगळी आली तर तो स्कोअर टिकाऊ नाही.

फोल्डरचं नाव देवनागरीत नको आणि नावात मोकळी जागाही नको, नाहीतर व्हिनाला फाइल सापडत नाही. नोटपॅडमध्ये कॉन्फिग फाइल बनवली की विंडोज शेवटी आणखी एक टीएक्सटी चिकटवतं आणि ते दिसतही नाही. फाइल एक्स्टेन्शन दाखवण्याची सेटिंग चालू करा. भारनियमन आहे हे धरूनच स्क्रिप्ट लिहा: आउटपुट फाइल आधीच असेल आणि ती रिकामी नसेल तर तो रेणू वगळून पुढे जा. मग लाइट गेली तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी सगळे कोअर लावून लॅपटॉप चालवला तर तो तापून स्वतःच वेग कमी करतो. एक कोअर मोकळा ठेवून रात्री लावा.

स्कोअर धन आला, समजा अधिक वीस, तर घाबरू नका. कॉक्सचं पॉकेट अरुंद, लांबट आहे. हिरड्यातलं चेब्युलॅजिक आम्ल, ज्याचं रेण्वीय वजन ९५४ आहे, त्यात मावणारच नाही. स्कोअर नेमका शून्य आला तर बॉक्स बहुधा हवेत आहे.

स्कोअर वाचताना

व्हिनाच्या २०१० च्या मूळ पेपरात तिच्या अंदाजातली प्रमाण चूक २.८५ किलोकॅलरी प्रति मोल दिली आहे. शरीराच्या तापमानाला १.४ किलोकॅलरी म्हणजे बंधाच्या ताकदीत दहापट फरक. म्हणजे चूकच शंभरपटीची आहे. अशा वेळी उणे ८.९ चा रेणू उणे ८.६ च्या सेलेकॉक्सिबपेक्षा 'सरस' ठरवण्यात काही अर्थ नाही. दोघे एकाच पंगतीत आहेत, इतकंच.

दुसरं, मोठा रेणू म्हणजे जास्त स्पर्श आणि जास्त स्पर्श म्हणजे चांगला स्कोअर. म्हणून झाड कोणतंही घ्या, यादीच्या डोक्यावर बीटा-सिटोस्टेरॉल, अर्सोलिक आम्ल, ल्युपिऑल किंवा रुटिनच येतात. ते बहुतेक प्रोटीनवर वर येतात आणि खूप झाडांत असतात. स्कोअरला हायड्रोजन सोडून उरलेल्या अणूंच्या संख्येने भागा. समजा ३३ अणूंच्या अर्सोलिक आम्लाला उणे ९.० आला आणि २२ अणूंच्या क्वेर्सेटिनला उणे ८.०. भागल्यावर पहिल्याला ०.२७ आणि दुसऱ्याला ०.३६. क्रम उलटला. हा भागाकारही लहान रेणूंना झुकतं माप देतो, म्हणून दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघा.

आणि पोझ डोळ्याने बघा. पहिल्या वीसच्या वीस. रेणू पॉकेटच्या आत आहे की तोंडाशी लोंबकळतोय? कॉक्स-२ मध्ये व्हॅलिन ५२३ मुळे बाजूला एक कप्पा उघडतो. कॉक्स-१ मध्ये तिथे आयसोल्युसिन आहे आणि तो कप्पा बंद राहतो. तुमचा रेणू त्या कप्प्यात जातो का, हा प्रश्न स्कोअरपेक्षा मोलाचा. जात असेल तर कॉक्स-१ वरही डॉक करून फरक बघा. पण 'निवडक म्हणजे सुरक्षित' असं त्यापुढे लिहू नका. रोफेकॉक्सिब निवडकच होतं आणि २००४ मध्ये हृदयाच्या धोक्यामुळे बाजारातून मागे घ्यावं लागलं.

सालई आणि भुईनिंब

मेळघाटच्या खडकाळ उतारांवरची सालई, तिच्या डिंकातलं एकेबीए हे बॉस्वेलिक आम्ल ५-लिपॉक्सिजिनेस या दाहाशी संबंधित एन्झाइमवर काम करतं हे बरीच वर्षं माहीत होतं. साहजिकच लोकांनी ते लोहाच्या अणूशेजारच्या सक्रिय जागेत डॉक केलं आणि स्कोअरही मिळाले. २०२० मध्ये क्रिस्टल रचना प्रसिद्ध झाली, तिचा क्रमांक ६एनसीएफ. एकेबीए सक्रिय जागेत नव्हतंच. ते बरंच लांब, प्रोटीनच्या दोन भागांच्या मधल्या खाचेत बसलेलं होतं आणि तिथून एन्झाइमचं वागणं बदलत होतं. सक्रिय जागेभोवती काटेकोर बॉक्स आखणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं. सालईवर काम करायचं असेल तर आज ६एनसीएफ घ्या आणि एकेबीए तिथल्या खाचेत परत डॉक करून सुरुवात करा.

भुईनिंबाची अडचण वेगळी. त्यातलं अँड्रोग्राफोलाइड एनएफ-कप्पा-बी या दाह चालू करणाऱ्या प्रोटीनच्या पी५० या घटकाच्या सिस्टीन ६२ शी सहसंयुज, म्हणजे पक्का रासायनिक, बंध करतं. साधं व्हिना असा बंध ओळखत नाही. त्याला फक्त सैल बसलेला रेणू दिसतो आणि तो मामुली स्कोअर देऊन मोकळा होतो. ज्या रेणूत कार्बनीलशेजारी दुहेरी बंध आहे, उदाहरणार्थ पळसाच्या फुलांतलं ब्युटेइन (butein), त्याच्या कमी स्कोअरवर विसंबून त्याला यादीतून काढू नका. सहसंयुज डॉकिंगची वेगळी पद्धत वापरा किंवा तो थेट प्रयोगाच्या टेबलावर न्या.

गाळण्या

स्विसएडीएमई ही फुकट वेबसाइट लिपिन्स्कीचे नियम तपासते: वजन ५०० च्या आत, लॉग-पी (तेलात विरघळण्याचं माप) ५ च्या आत, हायड्रोजन देणारे गट ५ आणि घेणारे १० पर्यंत. हे नियम तोंडावाटे घ्यायच्या औषधांसाठी आहेत. निर्गुडीचा पाला बांधतात. मग लिपिन्स्कीत नापास झालेला रेणू फेकायचा कशासाठी? त्याच पानावर त्वचेतून आत जाण्याचा लॉग-केपी हा आकडा असतो, तो बघा. जितका जास्त उणे तितका कातडीतून कमी जातो, आणि साखर जोडलेले ग्लायकोसाइड इथे बहुतेक मार खातात. गरम पाल्याच्या नुसत्या शेकानेही बरं वाटतं, हेही लिहायला हरकत नाही.

चाचण्यांना चकवणारे रेणू पकडणाऱ्या पेन्स या गाळणीत क्वेर्सेटिन कॅटेकॉल गटामुळे अडकतं. याचा अर्थ ते निरुपयोगी असा नाही. असे रेणू जवळजवळ प्रत्येक चाचणीत 'चालतात', म्हणून एका चाचणीवर विश्वास ठेवायचा नाही.

टेबलावर

डॉकिंगनंतर बहुतेक कॉलेजांत अंड्याच्या अल्ब्युमिनची चाचणी होते: ०.२ मिली अल्ब्युमिन, ६.४ पीएचचं २.८ मिली फॉस्फेट बफर, २ मिली अर्क. ३७ अंशांवर १५ मिनिटं, मग ७० अंशांवर ५ मिनिटं, थंड करून ६६० नॅनोमीटरला वाचन, तुलनेला डायक्लोफिनॅक. स्वस्त आहे, करा. पण या नळीत कॉक्स-२ कुठेच नाही. उष्णतेने प्रोटीन गोठतं आणि अर्क ते किती थोपवतो, एवढंच ती मोजते. 'डॉकिंगचा निष्कर्ष प्रयोगाने सिद्ध झाला' हे वाक्य तिच्या जोरावर लिहिता येत नाही. कॉक्स-२ डॉक केलं असेल तर कॉक्स-२ अवरोधाचं किट लागतं. ते महाग असतं, म्हणून दोन-तीन विभागांनी मिळून एक प्लेट घ्यावी आणि आधी ठरवलेले पाच-सात शुद्ध रेणू तिच्यावर लावावेत. त्यातले दोन मुद्दाम वाईट स्कोअरचे ठेवा. तेही चालले तर तुमच्या क्रमात दम नाही हे तिथल्या तिथे कळेल.

अल्ब्युमिनचीच चाचणी करणार असाल तर रंगीत अर्काचा स्वतंत्र ब्लँक ठेवा, नाहीतर पळसाच्या फुलांचा रंगच वाचनात मिसळतो. हिरडा-बेहड्याच्या अर्कातलं टॅनिन प्रोटीनला स्वतःच साकळवतं, गढूळपणा वाढतो आणि अर्क निकामी ठरतो. तिथे पीव्हीपीपी हे टॅनिन धरून ठेवणारं पॉलिमर टाकून ते आधी काढा, आणि काढण्याआधीचं व नंतरचं वाचन दोन्ही द्या, कारण पीव्हीपीपीबरोबर इतर पॉलिफिनॉलही निघून जातात.